शंभरानंतरची माणसं

मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४. सकाळी धुकं. कुंपणालगतचा पाला गोळा केला. रॅग्नहिल्डचा जेवणाचा डबा आज पुन्हा आला नाही; तिला माझ्याकडचा राय-पाव आणि उकडलेली अंडी नेऊन दिली. संध्याकाळी केल जेवायला. खिम्याचे फ्रिकाडेल आणि तांबडा कोबी.

केल ब्रून माझ्या कुंपणापलीकडे राहतो. साठीला आलेला, घटस्फोटित, भर थंडीतही मोज्यांवर सँडल घालून सायकल मारणारा. पूर्वी तो पोस्टात पत्रं लावायचा. लोकांनी पत्रं लिहिणं सोडलं तेव्हा त्याला नगरपालिकेच्या संगणकाच्या खोलीत जागा मिळाली, आणि तिथेही, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, पत्रांचंच काम नशिबी आलं.

"हे बघा फ्रू ओगोर," त्यानं मला एकदा समजावलं होतं. आमच्याकडे हल्ली शाळेतल्या मुलापासून डॉक्टरपर्यंत सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. केल एकटाच मला फ्रू ओगोर, म्हणजे ओगोरबाई, म्हणतो, थोडं आदरानं, थोडं थट्टेनं. "एका मशीनला दुसऱ्या मशीनकडून माहिती हवी असते. मी फक्त विनंती मांडून देतो. पत्ता कुठला, ओळख पटवायला किल्ली कुठली, नेमकं काय हवं, उत्तराची वाट किती बघायची. एकदा नीट मांडली की तीच विनंती रोज पहाटे आपली आपण जाते."

त्याच्या पडद्यावर नुसते चौकोन आणि बाण. डावीकडून नावं येतात, मधल्या चौकोनात चाळली जातात, आणि उजवीकडे नगरपालिकेच्या स्वयंपाकघरात डब्यांवर लावायच्या चिठ्ठ्या छापल्या जातात. म्हाताऱ्या माणसांना दुपारचं गरम जेवण घरपोच मिळतं ते या बाणांच्या जोरावर.

"आणि समोरच्यानं उत्तरच दिलं नाही तर?"

"तर जरा थांबून पुन्हा विचारायचं. चिडायचं नाही."

"बायकोशी असा वागला असतास तर?"

"ती पत्ता बदलून गेली," केल म्हणाला आणि त्यानं स्वतःच कॉफी ओतून घेतली.

असा हा माणूस. त्या मंगळवारी मात्र त्याला थट्टा सुचत नव्हती, आणि त्याचं कारण समोरच्या घरात होतं. रॅग्नहिल्ड ओस्टरगोर माझी जुनी मैत्रीण. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला नगरपालिकेचं जेवण येतं. शरद ऋतू लागल्यापासून ती म्हणत होती, कधी डबा येतो, कधी येत नाही. तिची मुलगी डोर्ते शनिवारी-रविवारी यायची, आणि तेव्हा डबा हमखास असायचा. स्वयंपाकघरात विचारलं तर तिथून सांगितलं, ज्या दिवशी डबा गेला नाही त्या दिवशी तुमच्या आईचं नावच आलं नव्हतं. डोर्तेनं अर्थ लावला: आईच फोन करून नको म्हणते आणि विसरते. गुरुवारी तिला वृद्धाश्रमात हलवण्याबद्दल नगरपालिकेच्या बाई यायच्या होत्या.

"मी तपासलं हो," केल कोबी चिवडत म्हणाला. "विनंती गेली, उत्तर आलं, 'सगळं ठीक' असं आलं. चूक कुठेच नाही. मग मलाही वाटायला लागलं की रॅग्नहिल्डच..."

"तिचं डोकं तुझ्यापेक्षा बरं चालतं. मागच्या रविवारी पत्त्यांत तिनं मला नागवलं."

"आज आणखी दोघांच्या घरून तक्रार आली. एक ओस्त्रुप म्हणून आहेत, आणि एक ओगेसन."

मला हसू आलं. "सगळी माझ्याच बाकावरची."

"म्हणजे?"

आमची मुळाक्षरं झेडपाशी थांबत नाहीत. त्यापुढे आणखी तीन येतात: Æ, Ø आणि Å. माझं आडनाव सुरुवातीला दोन A जोडून लिहितात, पण ती Å चीच जुनी तऱ्हा, म्हणून हजेरीत मी कायम शेवटी; ओगेसनही तसेच, आणि ओस्टरगोर, ओस्त्रुप ही Ø ची नावं आमच्या जरा आधी. मी केलला सांगितलं, कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टा दूध वाटायची तेव्हा आमच्यापर्यंत येईतो किटलीत फेसच उरायचा.

केलनं काटा खाली ठेवला.

"शंभर," तो म्हणाला. "ते उत्तर आडनावांच्या क्रमानं, शंभर-शंभर नावांच्या पानांनी येतं. पुढचं पान हवं असेल तर तसं मागावं लागतं. मी कधी मागितलंच नाही. पूर्वी शंभर माणसंच नव्हती. उन्हाळ्यानंतर शेजारची वस्ती आपल्यात आली..."

"आणि शनिवार-रविवारी?"

"तेव्हा मुलं घरी येतात, रांधतात. जेवणं कमी लागतात. रॅग्नहिल्ड शंभरात बसते." त्यानं ताट बाजूला सारलं. "मी पहिलं पान घेतलं आणि आभार मानून दार लावून घेतलं, फ्रू ओगोर. आत माणसं ताटकळत उभी होती."

बुधवारी सकाळी त्यानं त्या विनंतीत एक गोष्ट वाढवली: रिकामं पान येईपर्यंत पुढचं मागत राहा. मग जुने दिवस एकेक करून तपासले. रॅग्नहिल्ड जे दिवस सांगत होती तेच निघाले.

गुरुवारी नगरपालिकेच्या बाई आल्या तेव्हा केल सँडल दाराशी काढून मोज्यांवरच आत आला. रॅग्नहिल्डनं मलाही बोलावून ठेवलं होतं. तो दोष मशीनवर ढकलू शकला असता. डोर्ते तर म्हणालीच, "म्हणजे कॉम्प्युटर बिघडला होता?"

"नाही. कॉम्प्युटरला जेवढं मागितलं तेवढं त्यानं दिलं. मागताना मी चुकलो. तुमच्या आईनं एकदाही फोन केला नव्हता."

डोर्तेनं आईचा हात धरला. नगरपालिकेच्या बाईंनी कागद न उघडताच पिशवीत ठेवले.

रॅग्नहिल्ड केलकडे बघत होती. "म्हणजे मी वेडी नाही. फक्त शंभराच्या पुढची आहे."

"हो."

"आणि तू पोस्टात होतास ना रे? थैलीच्या तळाशी हात घालून बघायचास की नाही?"

"रोज बघायचो," केल म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"मग आता इथेही बघत जा. बस, कॉफी घे. डोर्ते, त्याला तो मोठा तुकडा दे केकचा."

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. डबा आला होता, झाकणावर तिचं नाव. तिनं उघडून पाहिलं आणि म्हणाली की या तपकिरी रश्श्यासाठी एवढा आटापिटा करायची काही गरज नव्हती.

त्या संध्याकाळी मी वहीत लिहिलं: रॅग्नहिल्ड घरीच राहणार. माझ्याकडचे बटाटे संपले, उद्या आणायचे.