बनियनवरचे नारिंगी डाग

आमच्या घरोब्याच्या खाजगी डॉक्टरांनी माझ्या यजमानांचा क्षयरोग बरा केला होता की नुसता झाकून ठेवला होता, या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहायला घेतले. प्रश्न सरळ आहे. उत्तराकडे जाणारी वाट मात्र माझ्याच घरातल्या माणसांनी वाकडी करून ठेवली होती.

२०१५ साली आम्ही दोघे मुलीकडे न्यूझीलंडमधल्या पापाटोएटोला राहत होतो. मी पुण्याच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, यजमान बँकेतून. सहा महिन्यांच्या आत परतायचे असल्यामुळे व्हिसासाठी छातीचा एक्स-रे कोणी मागितला नव्हता. हिवाळा होता, म्हणजे जुलै. यजमानांचा खोकला हटेना. त्यांच्या मते दोष थंडीचा, जावयांच्या मते घरातल्या ओलीचा, मुलीच्या मते आजोबा-नातीने चोरून खाल्लेल्या आइस्क्रीमचा. शेवटी खोकल्यातून रक्त आले, मुलीने त्यांना इस्पितळात नेले, आणि क्षयरोग निघाला.

तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, हा आजार पूर्वी कधी झाला होता का? त्याच्या गोळ्या कधी घेतल्या होत्या का? मुलीने तो मराठीत सांगताच यजमान म्हणाले, "छे! कधीच नाही." मीही तेच सांगितले, मला तेवढेच ठाऊक होते. त्या 'नाही'वर भिस्त ठेवून नेहमीच्या गोळ्या सुरू झाल्या. परदेशी पाहुण्यांनाही या रोगाचे औषध तिथे मोफत मिळते.

घरी आल्यावर यजमानांची रवानगी मागच्या खोलीत झाली. पाच वर्षांच्या नातीने शेजारणीला बातमी दिली, "आजोबा इज ग्राउंडेड!" तिचीही रक्ततपासणी झाली होती. आजार नव्हता, पण जंतू शरीरात शिरला होता, म्हणून तिलाही प्रतिबंधक गोळी द्यायची होती. ती कोणती द्यायची, हे आजोबांच्या जंतूवर अवलंबून होते. जे औषध त्यांच्या जंतूवर चालणार नाही, ते तिलाही उपयोगाचे नव्हते.

रोज सकाळी आरोग्य खात्याची नर्स यायची, दारात बूट काढून "किया ओरा" असा तिथला नमस्कार करायची आणि यजमानांनी गोळ्या गिळेपर्यंत समोर बसून राहायची.

"मी काय बालवाडीत आहे का?" यजमान मराठीत पुटपुटायचे.

"बालवाडीतली मुलं बरी," मी म्हणायची. "ती निदान तोंड उघडून दाखवतात."

पहिल्याच दिवशी नर्सने मुलीमार्फत समजावले होते, की या गोळ्यांनी लघवी नारिंगी होईल, घामालाही रंग चढेल, घाबरू नका. तेव्हा मी नुसते ऐकून घेतले. पुढे एका दुपारी यजमानांचे बनियन दोरीवर घालताना काखेतला नारिंगी डाग दिसला आणि मी जागच्या जागी थांबले. हा डाग माझ्या ओळखीचा होता. मुलीच्या लग्नाच्या आदल्या वर्षी मी तो साबणाने घासघासून थकले होते, आणि "कसले रंग जाणारे सदरे आणता?" म्हणून यजमानांना बोलले होते. त्या काळात ते 'फुफ्फुसाच्या सुजेवर' आमच्या डॉक्टरांच्या गोळ्या घेत होते. गोळ्या वेष्टनातून काढून कागदाच्या पुड्यांत बांधलेल्या असायच्या. पुडीवर नाव नसे.

मी बनियन घेऊन मागच्या खोलीत गेले. "अहो, ती सूज कसली होती?"

त्यांनी बनियनकडे पाहिले, मग खिडकीकडे. "तीच," ते म्हणाले.

"आणि इस्पितळात 'कधीच नाही' म्हणालात?"

"आपल्या डॉक्टरांनीच बजावलं होतं, हा शब्द कुठे काढायचा नाही. पोरीची स्थळं चालली होती."

मुलगी दारात उभी होती. "म्हणजे माझ्या लग्नासाठी, बाबा?"

"स्थळ चांगलं होतं गं."

"स्थळ आत्ता किचनमध्ये भांडी घासतंय. विचारू त्याला, चाललं असतं का?"

मी विचारले, तेव्हाच्या गोळ्या किती दिवस घेतल्या. त्यांना आठवेना. वजन वाढले, बरे वाटले, लग्नाची खरेदी निघाली, केव्हातरी सुटल्या. मुलीने लगेच नर्सला फोन करून सगळे सांगितले. नर्सने तीन गोष्टी विचारल्या. औषधे कोणती, किती काळ घेतली, आणि थुंकी तपासली होती का? मी पुण्याला डॉक्टरांना फोन लावला. दवाखाना गर्दीने भरलेला असावा. मागे मूल रडत होते.

"वहिनी! काय म्हणतंय न्यूझीलंड? मेंढ्या पाहिल्या का?"

मी मेंढ्या बाजूला ठेवून प्रश्न विचारले.

"क्षयाची चारही औषधं दिली होती हो, अगदी व्यवस्थित. एक्स-रेत रोग स्पष्ट दिसत होता. थुंकीसाठी सरकारी केंद्रात पाठवायचं, तर तिथे नेमकं कोणीतरी ओळखीचं भेटलं असतं. तुमचीच पंचाईत!"

"किती महिने दिलीत?"

"साहेब यायचे बंद झाले. मला वाटलं, दुसरीकडे दाखवत असतील."

"मग आपण एक फोन का केला नाहीत?"

"मी पेशंटच्या मागे लागत नाही, वहिनी. लोकांना आवडत नाही ते."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ चडफडत होते. या माणसाने रात्री-अपरात्री आमच्या घरचा जिना चढला आहे. त्यांचे निदान बरोबर होते, औषधेही बरोबर होती. पण गणितात पहिल्या तीन पायऱ्या बरोबर लिहून चौथी सोडणाऱ्या मुलाला मी उत्तराचे गुण कधी दिले नाहीत. या रोगात शेवटची पायरी म्हणजे शेवटची गोळी. आणि रोगी ती घेतो का, हे पाहणेही उपचारातच मोडते. आमच्याकडे बहुतेक माणसे खोकला घेऊन आधी खाजगी दवाखान्यातच जातात, कारण तिथे आपुलकी असते आणि बोभाटा होत नाही. मला चीड आली ती याची, की बोभाटा होऊ नये म्हणून रोगाचे नाव गाळले गेले, आणि नावच नाही म्हटल्यावर पाठपुरावा करायचा कशाचा?

मग जंतूवर कोणते औषध चालते, हे सांगणारा तपासणी-अहवाल आला. यजमानांचा जंतू नेहमीच्या औषधांपैकी एकाला दाद देत नव्हता. असा जंतू मुळातच अंगात आला असेल की अर्धवट सोडलेल्या गोळ्यांनी घडवला असेल, हे आता सांगता येणार नाही, असे तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट केले. म्हणून माझ्या प्रश्नाचे उत्तर मी एवढेच देते: रोग झाकला गेला होता, बरा झाला होता असे म्हणायला कोणाकडेही पुरावा नव्हता.

गोळ्या बदलल्या, मुदत वाढली, आमचे परतीचे तिकीट पुढे गेले. नातीला एरवी जे औषध मिळाले असते, ते नेमके तेच निरुपयोगी औषध होते. पूर्वीचा आजार कळल्यामुळे अहवाल येईपर्यंत तिचे औषध थांबवले होते. मग तिला दुसरे मिळाले, आजोबांच्या गोळ्यांतले नारिंगी रंग आणणारेच. दुसऱ्या दिवशी ती न्हाणीघरातून ओरडत आली, "आजोबा! माइन इज ऑरेंज टू! स्वीट ॲज!" म्हणजे तिकडच्या पोरांच्या भाषेत एकदम झकास.

यजमान तेव्हा पहिल्यांदा रडले. मी त्यांना पदर दिला नाही; टिश्यूचा खोका पुढे सरकवला. मी अजून रागावलेली होते.

दोघांचीही औषधे पूर्ण झाली. दोघेही ठणठणीत आहेत.

वाचकांना विनंती एवढीच, की माझे उत्तर वहीत जसेच्या तसे उतरवून घेऊ नका. तुमच्या घरात कोणी नाव नसलेल्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्या असतील, तर रोगाचे नाव काय होते, गोळ्या कोणत्या होत्या आणि त्या शेवटपर्यंत घेतल्या का, हे डॉक्टरांना आणि त्या माणसाला वेगवेगळे विचारा, आणि दोन्ही उत्तरे जुळतात का ते स्वतः पडताळून पाहा.