सशांची गाजरं

मल्हारगंजात आमच्या शेजारच्या काकांनी मागच्या अंगणात चार ससे पाळलेत. त्यांना फिल्टरचं पाणी, तेही दिवसातून तीनदा बदललेलं. मी गेलो की मला मात्र नळाचं. दाणा घट्ट झाकणाच्या डब्यात, उंदीर तोंड घालू नये म्हणून. गाजर न् गाजर काका हुंगून बघतात. "ससा नाजूक असतो भिया, जरा खराब खाल्लं की निपटला," हे मला रोज ऐकावं लागतं.

परवा त्यांनी वाटीभर गाजरहलवा दिला. मी वाटी चाटूनपुसून साफ केली आणि तोंडभरून कौतुक केलं.

काका खूश झाले. "गाजरं सडायला लागली होती भिया. सशांना कशी देणार? म्हटलं, फेकण्यापेक्षा शेजारी वाटून टाकू."

"तुम्ही खाल्लात?"

"छे! माझंही पोट नाजूक आहे."