येळवशीला बंद ठेवलेलं दार

थंडीतल्या वेळ अमावास्येला, आमच्या भाषेत येळवशीला, आमच्याकडं घरात माणूस सापडत नाही. सगळं गाव रानात. कडब्याची खोपटासारखी कोप, तिच्यात पांडव म्हणून चुन्यानं रंगवलेले पाच दगड, शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीचं पातेलं आणि मडक्यातली ताकाची गार आंबील. दोन वाट्या आंबील पोटात गेली की अशी सुस्ती येते, की ज्वारी हलतीय का आपणच हलतोय ते कळत नाही. त्या येळवशीला मी निलंग्याजवळच्या आमच्या शेतात असाच पडलो होतो. वडील कानडी वळणाचे जुने शब्द पुटपुटत पिकावर आंबील शिंपडत होते. त्यांचा आवाज कधी उशाशी यायचा, कधी फार लांबून.

मी एका शिक्षण संस्थेचे दोन सर्व्हर सांभाळतो. नांदेडचा वेब सर्व्हर लोकांशी बोलतो, त्यांना फॉर्म दाखवतो. लातूरचा ॲप्लिकेशन सर्व्हर आत बसून खरं काम करतो, भरलेला फॉर्म तपासून जमा करून घेतो. पहिल्यानं हाक मारायची, दुसऱ्यानं ओ द्यायची. एवढ्यावर माझं घर चालतं.

साडेतीनला हात धुवायला विहिरीवर गेलो. आमच्या रानात रेंज येते ती फक्त तिथल्या बांधावर. गेल्या गेल्या मोबाइल वाजला. नांदेड केंद्रातल्या मॅडम होत्या.

"सर, दुपारपासून लावून राहिले, फोनच लागंना. साइट बंद हाय. किनवटच्या एक ताई येऊन बसल्यात, बाहेरून बारावीचा फॉर्म भरायचाय. पाचला मुदत संपतीय."

ताई एका निवासी शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक करायच्या. बारावी झाल्या तरच त्यांना तिथं कायम करणार होते, आणि हे वर्ष हुकलं की वयाची अट आडवी येणार होती. शाळा सोडल्याचा जुना दाखला कालच हातात पडलेला. सकाळपासून किनवटला फॉर्म उघडेना म्हणून त्या रेल्वेनं थेट नांदेडला आल्या होत्या.

"तुमच्याकडंच काहीतरी झालं असंल," मी म्हणालो. माझा स्वभावच तसा. बिघाड नेहमी दुसऱ्याच्या गावचा.

लॅपटॉप आणला, मोबाइल विहिरीच्या कठड्यावर ठेवला, त्याच्यावरून नेट घेतलं. वडील म्हणाले, "आजच्या दिवशी कुणाचं काय पेटलंय?" मी त्यांच्यावरही खेकसलो.

नांदेडचा सर्व्हर ठणठणीत होता. फॉर्म उघडायला गेलं की तो एवढंच सांगायचा, मागून उत्तर येत नाही. मग तिथूनच लातूरच्या यंत्राला हाक मारून बघितली, तर तेही जागं होतं. मग माझा संशय मधल्या सुरक्षेच्या भिंतीवर गेला. तिचे नियम उघडले, बदलले, परत होते तसे केले. मधेच रेंज जायची आणि स्क्रीन गोठून राहायची. पाण्यात ढग सरकत होते, मी त्यांच्याकडंच बघत बसायचो, आणि नांदेडला ती बाई कागद मांडीवर घेऊन बसलीय हे एकदम आठवून परत लॅपटॉपवर वाकायचो. साडेचार वाजले.

शेवटी नांदेडच्या सर्व्हरचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही उघडली, जी खरं तर आधी वाचायला पाहिजे होती. एकच ओळ, पानंच्या पानं: जोडणी नाकारली. पलीकडचं यंत्र बंद असतं तर हा नुसताच वाट बघून दमला असता. लगेच नाकारली, म्हणजे घरात जाग आहे, पण दारामागं कोणी नाही. सगळ्यात पहिली ओळ बघितली. सकाळी सहा. अगदी ठोक्याला सहा. बिघाड काही घड्याळ बघून येत नाही.

तेव्हा आठवलं. आदल्या संध्याकाळी घरी पळायच्या गडबडीत मीच वेळ लावून आलो होतो. जुना कचरा साफ व्हावा म्हणून लातूरचा प्रोग्रॅम सकाळी सहापासून दिवसभर बंद. "येळवशीला कोण फॉर्म भरतंय," मी म्हणालो होतो, आणि आमचे शिपाईमामा म्हणाले होते, "हाव, समदे रानातच असणार." अख्ख्या ऑफिसात कुणाच्या डोक्यात आलं नाही, की किनवटच्या जंगलात येळवस नसते. तिथं आजचा दिवस म्हणजे नुसता एक वार.

एक ओळ टाइप केली. प्रोग्रॅम चालू झाला. बारा मिनिटं उरली होती. मी बांधावर उभाच राहिलो, बसायचं सुचलंच नाही. पाचला तीन कमी असताना मॅडमचा फोन आला, फॉर्म गेला, पावती निघाली. "काय झालं होतं सर?"

"जोडणीत गडबड होती."

मग त्यांनी फोन ताईंच्या हातात दिला. आवाज थकलेला होता, पण हसरा.

"भाऊ, मॅडम सांगून राहिल्या, आज तुमचा मोठा सण हाय. तरी तुम्ही रानात बसून काम करून राहिले. माझ्यापायी तुमचा सण मोडला. माफी असू द्या."

खरं काय ते ओठांवर आलं होतं. मागं आई आंबिलीची वाटी घेऊन उभी होती, ज्वारी हलत होती, ऊन उतरत होतं.

"असू द्या ताई," मी म्हणालो.

माफी मागायची पाळी माझी होती. मागितली तिनं, आणि मी ती ठेवून घेतली.