शिकेकाई आणि सिग्नल
शिकेकाईचा वास आला की घाटकोपरची आमची खोली आठवते. पक्षाघाताने आईची वाचा गेली होती, हातही उचलत नव्हता. मेंदूच्या लहरी टिपणारा हेडसेट मी तिच्या डोक्यावर चढवून टॅबलेटला जोडला, पण पडद्यावरची रेघ सपाटच. "अरे, केसांत तेल किती थापलंयस! सिग्नल येणार कुठून?" बहीण माझ्यावर खेकसली आणि तिने शिकेकाईने आईचं डोकं खसाखसा धुतलं. हेडसेट परत चढवताच रेघ नाचायला लागली. पडद्यावर 'हो' आणि 'नको' आळीपाळीने उजळत होते. आई ज्यावर मन लावील तो शब्द निवडला जाणार होता. "आई, पेज देऊ?" 'नको'! "मग बांगड्याचं तिखलं?" 'हो'! आम्ही असे ओरडलो की शेजारी धावत आले. आजही ताटावर कुणी 'नको' म्हटलं, तर मला राग येत नाही.