यादीतलं आडनाव

माझा स्वभाव मुळातच संशयी. कुणी फार गोड बोललं की मी त्याच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघते. त्यामुळे अजिंठ्याच्या सहलीला यादी घेऊन आलेला तो गाईड मला पहिल्या मिनिटालाच खटकला.

सत्तर साल उलटून दोन-चार वर्षं झाली असतील. हसनाबादच्या शाळेत मी नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. एका डोळ्याने तर तिला माणसाची नुसती सावली दिसायची. छप्पन साली घरातले देव गेले आणि भिंतीवर बुद्धाचं कॅलेंडर आलं. तेव्हापासून तिचा एकच धोशा, "दगडातला बुद्ध एकदा डोळ्यानं पाह्यचाय." डोळे आहेत तोवर तिला तो दाखवायचा, म्हणून मी एका दिवसाच्या त्या सहलीत आम्हा दोघींसाठी दोन जागा सांगून ठेवल्या होत्या.

सकाळी बसच्या दारात गाईडने माझं नाव विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाला, "आडनाव?"

झालं! आडनाव विचारणारा खरं काय विचारतो, हे मला शाळेत कळलं होतं. रुजू झाले त्या दिवशी एका बाईंनी असंच सहज विचारलं आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्याशेजारचा त्यांचा डबा टेबलाच्या पार टोकाला गेला. म्हणून गाईडला मी आजोळच्या गावाला 'कर' लावून एक आडनाव दिलं ठोकून. आई तोवर आत जाऊन बसली होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

गंमत म्हणजे ती पांढरंशुभ्र लुगडं नेसून आली होती. पांढऱ्यावरून लोक आपल्याला लगेच ओळखतात, हिरवं नेस, म्हणून मी आदल्या दिवशी तिच्या मागे लागले होते. "बुद्धाला भेटायला हिरवं कशापायी?" एवढं म्हणून तिने विषय संपवला होता.

वाटेत गाईड दोनदा आमच्या सीटपाशी आला. दोनदा त्याने बोटाने आम्हाला मोजलं आणि यादीत काहीतरी खूण केली. कसली खूण? पुढच्या सीटवरच्या बाईला तो हळूच काही म्हणाला, ती हसली. आमच्याबद्दलच असणार. सिल्लोड येईपर्यंत माझी खात्रीच झाली.

पायऱ्या चढताना आईला धाप लागली. पहिल्या लेण्यापाशी पोचल्यावर ती ओसरीच्या पायरीवर टेकली. आत एका वेळी थोडीच माणसं सोडत होते, म्हणून गाईड यादीतून आडनावं पुकारून एकेका घराला आत घेत होता. माझं खोटं आडनाव आलं. "दोघीजणी!" मी "हो" म्हणाले आणि आई मागून येतेच आहे असं धरून आत घुसले. मला त्या माणसाला नजरेआड होऊ द्यायचं नव्हतं.

आत अंधार होता. बाहेर एकजण पांढऱ्या पत्र्यावर ऊन झेलून आत फेकत होता.

"इकडून उजेड पडला की हसून राह्यलाय," गाईड बुद्धाच्या चेहऱ्याकडे हात करून सांगत होता. "आन् तिकडून पडला की ध्यानात गेलाय. बघा."

मी बुद्धाकडे कमी आणि गाईडकडे जास्त बघत होते. एवढ्यात त्याने डोकी मोजली. परत मोजली. "बाई, तुम्ही दोघी लिहिल्यात. मावशी कुठं हायत?"

मी मागे वळले. मागे कुणीच नव्हतं.

आई बाहेर पायरीवरच होती. चपला काढून नीट जोडीने ठेवलेल्या, ओंजळीत घरून आणलेली तगरीची फुलं.

"आत का नाही आलीस?" मी तिच्यावर ओरडलेच.

"आपलं नाव कुठं घेतलं?" ती म्हणाली. "समद्यांचं घेतलं, आपलं न्हाई घेतलं. तू शिकलेली, तुला जाऊ देलं आसन. मला सवय हाय बाहेरून हात जोडायची."

तिचं अर्धं आयुष्य देवळांच्या बाहेर उभं राहण्यात गेलं होतं. आज ती बुद्धाच्या दारातही तशीच थांबली होती, आणि तिला थांबवलं होतं मी. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

गाईड यादी घेऊन बाहेर आला. "जल्दी करा बाई. ऊन सरकलं की आत काही दिसायचं न्हाई."

मी सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं की यादीतलं आडनाव खोटं आहे, आणि आमचं खरं आडनाव सांगितलं. ओसरीतली दोन-चार डोकी वळली. बसमध्ये हसलेली ती बाई जरा बाजूला सरकली. आम्हाला वाट द्यायला की आणखी कशाला, ते मला आजही सांगता येत नाही.

गाईडने पेन्सिलीने आधीचं आडनाव खोडलं. "मला काय आडनावाचं लोणचं घालायचंय? मागच्या खेपेला एक म्हातारा वरच राह्यल्ता. तव्हापासून गिनती बराबर ठेवतो."

मला ते पुरतं पटलं नाही. पण त्याने मान वर केली आणि आमचं आडनाव साऱ्या ओसरीला ऐकू जाईल असं पुकारलं. "दोघीजणी!"

"हाय," म्हणत आई उठली आणि माझा हात न धरता आत गेली.

उजेड अजून मूर्तीच्या चेहऱ्यावर होता. आई मान तिरकी करून चांगल्या डोळ्याने बघत राहिली, कितीतरी वेळ. मग नजर न हलवता तिने हळूच विचारलं, "मघाशी तू आत आलीस, ती कोनाच्या नावानं आल्तीस गं?"