शिंगाड्याची बोडी

गोंदियाजवळच्या गोरेगावच्या अलीकडे एका लहान गावात मासेमारी करणाऱ्या ढिवर जातीच्या बाया पिढ्यानपिढ्या बोडीत शिंगाडे लावत आल्या होत्या. बोडी म्हणजे मातीच्या बांधानं, पाळीनं, अडवलेलं गावचं लहान तळं. ते गावच्या मालगुजाराचं, म्हणजे जमीनदाराचं, आणि त्याचा ठेका गोंदियाच्या व्यापारी चुन्नीलालकडे. छातीभर पाण्यात उभं राहून, काट्यांनी बोटं फाडून घेऊन बाया टोपल्या भरत. चांगला माल बैलगाडीतून गोंदियाला जाई. बायांच्या ओटीत उरत ते पोचट, किडके शिंगाडे.

हे बदलायचं पहिल्यांदा बोलली ती पुष्पाबाई. त्या बायांतल्याच धुरपताबाईची शेजारीण. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलेल्या. पुष्पा तेव्हा जातीबाहेर होती. महारवाड्यात एक बाई अडली होती, पुष्पानं जाऊन तिला मोकळं केलं आणि तिथंच पाणी प्यायली. जातीच्या पंचांनी दंड मागितला, तो तिनं दिला नाही. "पोरगं जित्तं निघालं, त्याचा दंड काऊन देऊ?" एवढंच म्हणाली. नवरा आधीच गेलेला. तिच्या दारात कुणी बसेना. धुरपता तेवढी जायची, तीही कुडाच्या मागून.

"ठेका आपणच घेऊ ना वो," पुष्पा एकदा म्हणाली. "चुन्नीलाल पाळीवर माती तरी टाकते का? आपण टाकू. मालगुजाराले अर्धा माल देऊ."

धुरपताचा जीव घाबरला, पण ती सोबत गेली. मालगुजाराच्या छपरीत बोलली पुष्पाच. मालगुजारानं ऐकून घेतलं. चुन्नीलालच्या हलगर्जीपणाला तो कंटाळला होताच. म्हणाला, "तुमच्या पंचांनी हमी घेतली तर बोडी तुमची."

पंच होता खुशाल. चिंचेखाली सगळी जात जमली. पुष्पा दूर, पाळीवर उभी होती. खुशालनं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "हमी घेतो. पण ते बाई यात नाही पाहिजे."

बाया धुरपताकडे पाहू लागल्या. तिच्या मनात आलं, आज नाही म्हटलं तर बोडी हातची जाईल. एकदा ठेका मिळू दे, मग पुष्पाला हळूच आत घेऊ. ती खाली मान घालून बसून राहिली. वर पाहिलं तेव्हा पाळीवर कुणी नव्हतं.

त्या साली शिंगाडा दणकून आला. बाया आपल्या टोपल्या आपण विकू लागल्या. लेकरांच्या अंगावर धड कपडे दिसले. पूर्वी ज्यांना नुसतं "ए ढिवरीन" म्हणत, त्यांना आता बाजारात नावानं हाक येऊ लागली. पुष्पा मात्र पीक निघायच्या आधीच गाव सोडून गेली होती. धुरपता दर वर्षी म्हणे, यंदा पंचांपुढे विषय काढते. एकदा पोरीचं लग्न आडवं आलं, एकदा खुशाल आजारी होता, एकदा काहीच कारण नव्हतं.

मग एका बाजाराला ती गोंदियात विडीच्या कारखान्यापुढून जात असताना पुष्पा दिसली. पडवीत बसून विड्या वळून राहिली होती. केस पांढरे झालेले.

"चाल घरी," धुरपता म्हणाली.

"यंदा पाळीवर माती टाकली का?" पुष्पानं विचारलं.

"टाकली. तू चाल. मी जातीले सांगते."

"सांगतलं का?"

धुरपताला खोटं बोलता आलं नाही. "नाही अजून."

"मंग सांगून ये," पुष्पा म्हणाली आणि पुढचं पान कापायला घेतलं. आवाजात राग नव्हता. तो असता तर धुरपताला बरं वाटलं असतं.

ती गावात परतली आणि या वेळी बोलली. खुशाल भडकला, पण सगळ्या बाया तिच्या बाजूनं उठल्या. "ते नाही तर आम्हीही बोडीत उतरत नाही," म्हणाल्या. इतकं सोपं होतं ते! धुरपता तिथंच रडली.

पुढच्या बाजाराला ती पुष्पाला आणायला गेली, तर कारखान्याला कुलूप. तिथल्या बाया कामासाठी पांगल्या होत्या. कुणी म्हणालं, पुष्पा राजनांदगावकडे गेली. कुणी म्हणालं, तुमसरला. धुरपता दोन्हीकडे जाऊन आली. पत्ता लागला नाही.

स्वातंत्र्य आलं त्या साली शाळेच्या अंगणात झेंडा लागला. गुरुजींनी धुरपताबाईला पुढे बसवलं आणि पोरांना म्हणाले, "हिनं आपल्या गावची बोडी सोडवली."

"मी नाही, गुरुजी," धुरपता म्हणाली. "पुष्पानं."

"कोन पुष्पा?" मागून एका पोरीनं विचारलं.

धुरपता सांगायला लागली, पण तोवर गूळ वाटायला सुरुवात झाली होती आणि पोरं तिकडं पळाली.