दव पाडणाऱ्या नाझरबाई

नाझरबाई पाणी चमच्याने प्यायच्या. यवतमाळचा मे महिना, भिंतीला हात लावला तर चटका बसावा असं ऊन, आणि बाई खुर्चीत ताठ बसून चहाच्या चमच्यात पाणी घेणार, तोंडात घोळवणार आणि डोळे मिटून गिळणार. पाहणाऱ्याला वाटावं, औषध घेताहेत. औषध कसलं, माठातलं साधं पाणी. किडन्या कामातून गेलेल्या, डायलिसिस चालू, डॉक्टरांनी पाणी बांधून दिलेलं. दिवसभराचं पाणी सकाळी मी, त्यांच्या सोबतीला राहणारी मुलगी, एका तांब्यात भरून ठेवायचे. तो संपला की संपलं. एखादी शेजारीण म्हणायची, "अवो बाई, घ्या न घोटभर, काय होते?" बाई म्हणायच्या, "हुकूम झाला आहे. अपील नाही."

कोर्टाची भाषा त्यांच्या तोंडातून कधी गेली नाही. जिल्हा न्यायालयात त्या नाझर होत्या. समन्स बजावायला पाठवणं, जप्तीचा माल ताब्यात ठेवणं, अशी कामं नाझराकडे असतात. निवृत्त होऊन कैक वर्षं झाली तरी गल्लीत त्या नाझरबाईच. दूधवाला उशिरा आला तर "गैरहजर मांडला आज तुले", भाजीवालीने वजनात मारलं तर "फेरतपासणी". आणि समोरच्या खोलीत, जाळीच्या उंच पिंजऱ्यात, जास्वंदीच्या फांदीवर जो रंग बदलणारा परदेशी सरडा बसलेला असायचा, त्या शॅमेलिऑनचं नाव त्यांनी ठेवलं होतं मुद्देमाल.

मुद्देमाल त्यांचा नव्हता. तो मंदारचा, त्यांच्या भाच्याचा. भाऊ-भावजय लवकर गेले, तेव्हापासून मंदारला बाईंनीच वाढवलं; स्वतः लग्न केलं नाही. त्याने कॉलेजात असताना हा प्राणी रीतसर कागदांसकट आणला आणि नोकरीसाठी कॅनडाला जाताना, "आत्या, काही महिने सांभाळ, मग सोय करतो," म्हणून ठेवून गेला. ते महिने काही सरले नाहीत. मी एकदा विचारलं, "बाई, ह्याला कोणाला देऊन का नाही टाकत?" तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी जप्तीचा माल विकायला सांगितला. "ताब्यात घेतलेला माल घेतला तशाच हालतीत परत द्या लागते, पोट्टे. त्याचा आहे. न्यायले येते तो." मुद्देमाल जगला पाहिजे, कारण मंदार त्याला न्यायला या घरात येणार आहे. बाईंचं सगळं जगणं या एका गोष्टीवर टांगलेलं होतं. मला ते समजायला वेळ लागला नाही. मलाही घरून कोणी भेटायला येण्याची वाट पाहायची सवय होती.

मी महागावकडच्या एका तांड्यावरची. शाळा आठवीतून सुटली. बापूंनी कपाशीवर फवारणी केली, वारं उलटं फिरलं आणि त्यांचा एक डोळा गेला. घरात कमावणारं कोणी तरी पाहिजे होतं. याडीने, म्हणजे आईने, ओळखीच्या नर्सबाईंना सांगून मला नाझरबाईंकडे सोबतीला लावलं. मी पहिल्यापासून घाबरट. गॅस बंद केला का, दार लावलं का, बाईंचं पाणी जास्त तर गेलं नाही, हेच डोक्यात. पहिल्याच दिवशी बाई छोट्या हातपंपाच्या बाटलीने पिंजऱ्यात पाणी मारत होत्या. मला म्हणाल्या, "घे, तू कर फवारणी." माझ्या हातून बाटली पडली. त्यांनी कारण विचारलं, मी रडत रडत सांगितलं. बाईंनी बाटली उचलून उरलेलं पाणी स्वतःच मारलं. पण त्या दिवसानंतर त्या घरात तो शब्द कधी निघाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हाक मारली, "पोट्टे, दव पाडून ये." पुढे यंत्र आलं, त्यालाही त्या दवाचं यंत्र म्हणायच्या. एका शब्दाला त्यांनी माझ्यासाठी घराबाहेर काढलं. इतकं माझ्यासाठी कोणी केलं नव्हतं.

हा प्राणी वाटीतलं पाणी पीत नाही. समोर भरलेली परात ठेवली तरी तहानेने मरेल, कारण साचलेलं पाणी त्याला दिसतच नाही. पानावर थेंब हलला, चमकला, की तो जीभ काढतो. म्हणून दिवसातून पुष्कळदा बारीक तुषार उडवून पानं ओली करायची आणि मधल्या वेळात ती सुकू द्यायची. आमचे डायलिसिसचे दिवस सुरू झाले तेव्हा पंचाईत झाली. अर्धा दिवस आम्ही दोघी दवाखान्यात, घरात कूलरशिवाय कोणी नाही. संध्याकाळी येऊन पाहावं तर मुद्देमालाचे डोळे खोल गेलेले.

युक्ती बाईंना दवाखान्यातच सुचली. नळ्या लावून पडलेल्या असताना त्या तिथल्या मुलाला विचारत होत्या, "हे पाणी शुद्ध करायची मशीन, तिचा पंप केवढा असते रे?" तो हसला, "काहून बाई, घरीच डायलिसिस करता का?" "माझं नाही. घरी एक दुसरा पेशंट आहे."

मग पाण्याच्या मशिनी दुरुस्त करणारे सलीमभाई आले. तसल्याच मशीनचा छोटा पंप, पांढरी बारीक नळी, पिंजऱ्याच्या छताला चार तुषारतोंडं आणि वेळ लावायचं घड्याळ. "बाई, सरड्यासाठी एवढं? आमच्या घरी सरडा आला तर बेगम झाडू घेऊन धावते." "तुमच्या बेगमला नोटीस पाठवते," बाई म्हणाल्या. पाण्याची टाकी कुठे ठेवायची हा प्रश्न आलाच नाही. टाकी उंचावरच असते. गच्चीवर, मोरीवर, सगळीकडे. आम्ही तिघांनी एकमताने ती कपाटावर चढवली. बटण दाबलं, सुर्रर्र झालं, पिंजऱ्यात धुकं पसरलं. मुद्देमाल मान वर करून पानाचं टोक चाटायला लागला. बाई खुर्ची ओढून अगदी जाळीजवळ बसल्या. त्याचा गळा हलायचा तशी त्यांच्या गळ्याची शीर हलत होती. "पी बाबा, पी," त्या हळूच म्हणाल्या. माझ्याने तिथे उभं राहवेना, मी आत निघून गेले.

पण पंप बंद झाला तरी पाणी बंद होईना. टप टप, टप टप. आम्हाला वाटलं, नळीतलं उरलेलं असेल. काही दिवसांत कुंडीची माती आंबली, पिंजऱ्याच्या तळाला वास येऊ लागला आणि एक दिवस मुद्देमाल मान ताणून, तोंड उघडं टाकून बसलेला दिसला. श्वासाला करकर आवाज.  जनावरांचे डॉक्टर आले, लांबूनच म्हणाले, "बाई, मी गाई-म्हशीचा माणूस. याले सुई कुठी टोचू?" पण भला माणूस, नागपूरच्या कोणा जाणत्याला फोन करून विचारलं. छातीत ओल गेली, पिंजरा कोरडा करा, औषध लिहून घ्या.

बाई कितीतरी वेळ त्या उघड्या तोंडाकडे पाहत राहिल्या. "माझंच दुखणं लावलं त्याले," त्या म्हणाल्या. "पाणी जास्त झालं की मलेही असाच दम लागते."

सलीमभाईंनी येऊन टाकीकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. टाकी वर, तोंडं खाली. पंप थांबला तरी पाणी आपल्या वजनाने उतरतच राहणार. ती जमिनीवर, तोंडांच्या खाली पाहिजे होती. पंप आहेच की वर ढकलायला. "बाई, आपली सवय नडली." "सवयीले आरोपी करा," बाई म्हणाल्या, "अन् आम्हा तिघाले माफीचे साक्षीदार." टाकी खाली आली. टपटप थांबली. मुद्देमाल वाचला, पण तो खायला लागेपर्यंत बाईंनी जेवण मनापासून केलं नाही.

नंतर ते यंत्र आम्ही दोघींनी ओळखीचं केलं. बोअरच्या पाण्याने तोंडं पांढरी पडून बुजायची. मी एकदा शिलाईची सुई घेऊन बसले, तर बाई ओरडल्या, "भोक मोठं झालं तर दव नाही पडत, धार पडते!" गरम पाण्यात लिंबूसत्त्व घालून त्यात ती रात्रभर ठेवायची, मग टाकीत फक्त गाळलेलं शुद्ध पाणी, हे ठरलं. लाईट गेली की घड्याळ थांबायचं आणि परत आली की मागे राहून भलत्याच वेळी पाणी सोडायचं. "याने तारीख चुकवली," म्हणत बाई काटा पुढे करायच्या. खिडकीच्या उन्हात नळी तापून पहिला फवारा कढत यायचा, म्हणून ती सावलीच्या भिंतीने फिरवली. सगळ्यात वाईट म्हणजे बुडबुडा. टाकी रिकामी होऊन नळीत हवा शिरली, की पंप नुसता घरघरतो, वर थेंब नाही. बाहेरून सगळं ठीक वाटतं. बाई म्हणायच्या, "माझ्या नळीत बुडबुडा आला तर मशीन बोंबलते, चार जण धावतात. त्याच्यासाठी कोण बोंबलणार?"

ते मी करायचे. माझी धास्ती तिथे कामी आली. पंपाचा आवाज जरा कोरडा झाला, की मी स्वयंपाकघरातून धावत यायचे. बाई म्हणाल्या, "तुझी भीती वाईट नाही. तिच्यानं कान तिखट होतात. फक्त तिले सारा दिवस बोलू नको देऊ. पुढची तारीख दे." आज मी पुण्याजवळच्या एका फुलांच्या पॉलिहाउसमध्ये आहे. तुषारांच्या नळ्या, पंप, टाक्या माझ्याकडे आहेत. घरापासून इतकी लांब एकटी राहते आणि छातीत धडधडायला लागलं की स्वतःलाच सांगते, आज सुनावणी नाही. कधी ऐकते छाती, कधी नाही.

मंदारचा व्हिडिओ कॉल यायचा तेव्हा बाई आधी केस सारखे करायच्या आणि मग मला म्हणायच्या, "कॅमेरा मुद्देमालाकडे धर." त्यांचा चेहरा त्या दिवसांत सुजलेला असायचा. मग तो तिकडून पाहायचा ते हिरवं जनावर, ओली पानं, गरगर फिरणारे डोळे. "वा आत्या, मस्त ठेवलंयस. तू कशी आहेस?" "मी ठीक आहे. पाह्य, जीभ काढली पाह्य." तो पाहायचा. मी फोन धरून उभी, आणि कॅमेऱ्याच्या मागे बाई, चमचा हातात. मला वाटायचं, फोन एकदा इकडे फिरवावा. पण हुकूम बाईंचा होता.

शेवटच्या उन्हाळ्यात त्या फार थकल्या. एका दुपारी डायलिसिस चालू असताना दवाखान्याची लाईट गेली. धडधडत जनरेटर सुरू झालं. बाईंनी डोळे उघडले. "साऱ्या गावाची गेली असन. तू घरी जा." मी म्हटलं, "बाई, तुम्हाला सोडून नाही जाणार." "मले जनरेटर आहे. त्याले कोण आहे? हातानं दव पाड अन् ये." त्यांचा हात माझ्या हातात होता, तो त्यांनीच सोडवला. मी ऑटो करून गेले. हातपंपाने पानं ओली केली. तो प्यायला, ते पाहिलं, आणि सांगायला म्हणून धावत परत आले. बेडभोवती पडदा ओढलेला होता. सांगायला कोणी उरलं नव्हतं.

मंदार आला तो सगळं आटोपल्यावर. उंच, गोरा, बाईंच्याच नाकाचा. बॅग हातात तशीच ठेवून तो खोलीभर फिरला. पंप पाहिला, नळ्यांवरून बोट फिरवलं. "हे आत्याने केलं?"

"हो. तुम्ही न्यायला येणार म्हणून."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "न्यायला? अगं, याला तिकडे नेता येत नाही. परवानगीच नाही मिळत. हे मला आत्यानेच कळवलं होतं, मी गेलो त्याच वर्षी. तिने स्वतः कचेरीत जाऊन, नियम वाचून, फोन केला होता. तिला माहीत होतं."

 इतकी वर्षं. रोज सकाळी, रोज दुपारी.

"मग ती कशाची वाट पाहत होती?" त्याने विचारलं. खरंच विचारत होता तो.

"तुमची," मी म्हटलं.

त्याने हातातली बॅग खाली ठेवली. मग त्याने पिंजऱ्याचं दार उघडून आत हात घातला. फांदीवरचा मुद्देमाल आक्रसला, अंगावर गडद पट्टे उमटले, बघता बघता काळा पडला.

"आजारी आहे का हा?"

"नाही. ओळखत नाही तुम्हाला. हात हलवू नका. थांबा जरा."

आणि तो थांबला. हात तसाच पुढे, डोळ्यातलं पाणी पुसायलासुद्धा न हलता.